घरगुती बिअर आणि मित्रमंडळे : अमेरिकन कायद्यातील एका अनुल्लेखाचा इतिहास (१९३३-१९७८)

१४ ऑक्टोबर १९७८ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका महसुली विधेयकावर स्वाक्षरी केली. मालमोटारी, बसगाड्या व ट्रॅक्टर यांवरील उत्पादन-शुल्क, शेतांवर विमानातून फवारणी करणाऱ्यांना द्यावयाचा इंधनकराचा परतावा, निवृत्तिवेतनाच्या एकरकमी रकमांची व्यवस्था अशा परस्परांशी फारसा संबंध नसलेल्या विषयांच्या गर्दीत त्या विधेयकात घरी तयार होणाऱ्या बिअरविषयीही एक कलम होते. कॅलिफोर्नियाचे सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांच्या उपसूचनेने ते तेथे आले होते. या कलमान्वये कोणाही प्रौढ व्यक्तीला स्वतःच्या वा कुटुंबाच्या उपयोगासाठी वर्षाला १०० गॅलन, आणि ज्या घरात दोन वा अधिक प्रौढ राहतात तेथे २०० गॅलन बिअर करमुक्त करण्याची मुभा मिळाली. विक्रीस अर्थातच बंदी होती. कलमाचा अंमल १ फेब्रुवारी १९७९ पासून सुरू झाला.

या घटनेचे महत्त्व पुढील काळात वाढवून सांगितले गेले, आणि अमेरिकेतील लहान मद्यशाळांच्या भरभराटीचे सारे श्रेय कार्टर यांच्या लेखणीला देण्याचा प्रघात पडला. वस्तुतः कलम मंजूर झाले तेव्हा घरी बिअर करणारी मित्रमंडळे अस्तित्वात आलेली होती, त्यांची पुस्तके छापली गेली होती, आणि त्यांतील एकाने व्यापारी मद्यशाळाही उघडली होती. कायद्याने जे नंतर मान्य केले ते लोकांनी आधीच सुरू केले होते. तेव्हा विचार करण्याजोगा प्रश्न असा की, ज्या कृत्याला कायद्याची संमती नाही असे कृत्य शिक्षक, अभियंते, दुकानदार अशा सामान्यतः कायदाभीरू माणसांनी एकत्र येऊन, जवळजवळ उघडपणे, का करावे?

या प्रश्नाचे मूळ १९३३ मध्ये सापडते. तथापि त्याआधीची पार्श्वभूमी थोडक्यात पाहिली पाहिजे. अमेरिकेच्या वसाहतकाळात बिअर ही प्राधान्याने घरात होणारी वस्तू होती. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या १७५७ सालच्या टिपणवहीत सौम्य बिअरची कृती लिहिलेली आहे, आणि तीत बार्लीच्या माल्टऐवजी काकवीचा वापर सांगितला आहे. थॉमस जेफर्सन यांच्या मॉन्टिसेलो येथील घरी प्रथम त्यांच्या पत्नी मार्था बिअर करवून घेत. पुढे १८१३ च्या सुमारास जोसेफ मिलर नावाच्या इंग्रज मद्यकाराकडून हे काम शिकून घेतले ते पीटर हेमिंग्ज या गुलामाने. जेफर्सनच्या बिअरची कीर्ती सांगणाऱ्या अनेक लेखांत हेमिंग्जचे नाव दिसत नाही. ते या ठिकाणी मुद्दाम नोंदविणे अवश्य वाटते. घरगुती मद्याच्या इतिहासात ज्याच्या घरी बिअर झाली आणि जिच्या वा ज्याच्या हाताने ती झाली, ही दोन माणसे बहुधा निराळी असतात. इंग्लंडमध्येही चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा व्यवसाय मुख्यतः स्त्रियांच्या हाती होता आणि १६०० पर्यंत तो पुरुषांच्या हाती गेला, हे ज्युडिथ बेनेट यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात साधार दाखविले आहे.

इंग्लंडचा उल्लेख आणखी एका कारणाने करावा लागतो. तेथे घरगुती बिअरवर प्रत्यक्ष कर नसला तरी १६९७ पासून माल्टवर कर होता, आणि तो घरच्या चुलीपर्यंत पोचत होता. विल्यम कॉबेट यांनी १८२१-२२ मध्ये लिहिलेल्या ‘कॉटेज इकॉनॉमी’ या पुस्तकात खेडुतांच्या घरातून बिअर नाहीशी होऊन चहा आल्याबद्दल जो संताप व्यक्त केला आहे त्याचा रोख या करावरच आहे. १८८० मध्ये ग्लॅडस्टन यांनी माल्टवरील कर उठविला, पण त्याऐवजी आंबविण्यापूर्वीच्या रसावर कर बसविताना घरी बिअर करणाऱ्यास परवाना घेणे आवश्यक केले. हा परवाना १९६३ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी रद्द केला. त्यानंतर ब्रिटनमध्ये घरगुती बिअरच्या सामग्रीचा व्यापार वाढला, आणि बूट्स या औषधविक्रेत्यांच्या दुकानांत माल्टचे डबे व यीस्टच्या पुड्या मिळू लागल्या. या दुकानांपैकी एकाचा संबंध पुढे अमेरिकेशी येतो.

अमेरिकेत दारूबंदीची अठरावी घटनादुरुस्ती १७ जानेवारी १९२० पासून अंमलात आली. तिच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या व्होल्स्टेड कायद्याने अर्ध्या टक्क्याहून अधिक मद्यार्क असलेले प्रत्येक पेय मादक ठरविले. परंतु त्याच कायद्यातील एका कलमाने घरी सफरचंदाचा व इतर फळांचा रस करण्यास सवलत दिली, आणि या सवलतीच्या आडोशाने द्राक्षाची वाइन घरोघर होऊ लागली. बिअरला अशी सवलत नव्हती. मात्र माल्टचा पाक विकण्यास बंदी नसल्यामुळे, बंद पडलेल्या मोठ्या मद्यशाळांनी हॉप्सचा कडवटपणा असलेला पाक डब्यांत भरून किराणा दुकानांत आणला. तो भाजलेल्या पदार्थांसाठी आहे असे सांगितले जाई. कडू हॉप्स घातलेला केक कोणी खाल्ला असेल असे वाटत नाही. या पाकात पाणी, साखर आणि पावाचे यीस्ट घालून जी बिअर होई ती पातळ, आंबट व बेभरवशाची असे. बाटलीत भरताना साखर थोडी अधिक पडली की बाटल्या तळघरात फुटत. एका पिढीच्या मनात घरगुती बिअर म्हणजे हे पेय असे जे समीकरण बसले, ते दारूबंदी गेल्यावरही चाळीस वर्षे पुसले गेले नाही.

५ डिसेंबर १९३३ रोजी एकविसाव्या दुरुस्तीने दारूबंदी संपली. त्यानंतरच्या महसुली व्यवस्थेत कुटुंबप्रमुखाला वर्षाला २०० गॅलन वाइन करमुक्त करता येई. बिअरविषयी मात्र अशी सूट नव्हती. या अनुल्लेखाविषयी हौशी मंडळींत एक कथा रूढ आहे. मूळ मसुद्यात ‘आणि बिअर’ एवढे शब्द होते, पण ते लेखनिकाच्या हातून गळले, असे ती कथा सांगते. कथा सोयीची आहे, कारण तीत कोणालाच दोषी धरावे लागत नाही. परंतु चूक लेखनिकाची असो वा हेतुपुरस्सर असो, ती ४५ वर्षे कोणी दुरुस्त केली नाही, आणि एवढा काळ टिकलेल्या गोष्टीला केवळ हस्तदोष म्हणणे कठीण आहे. बिअर हा सरकारच्या शुल्काचा एक भरवशाचा स्रोत होता. दारूबंदीतून वाचलेल्या मद्यशाळा एकमेकींना गिळंकृत करीत मोठ्या होत होत्या, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस देशातील मद्यशाळांची संख्या शंभराच्याही खाली आली होती. घरी बिअर करू इच्छिणाऱ्यांची बाजू मांडणारी संघटना मात्र कोठेच नव्हती.

या मधल्या काळात अमेरिकन घरात एक नवी वस्तू आली : घरातला बार. दारूबंदीच्या तेरा वर्षांत पिण्याची जागा सार्वजनिक मद्यगृहातून खासगी दिवाणखान्यात आलेली होती. यजमानाने स्वतः पेये मिसळून पाहुण्यांना द्यावीत ही चाल त्या काळात दृढ झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांबाहेर जी नवी घरे उभी राहिली त्यांच्या तळघरांत करमणुकीची खोली असे, आणि त्या खोलीच्या एका कोपऱ्यात प्लायवूडचे टेबल, चार उंच तिवया, मागे आरसा व बाटल्यांची फळी अशी मांडणी करणे हा घरमालकाचा सुटीच्या दिवसांतला उद्योग बनला. सुतारकामाच्या हौशी मासिकांतून या बारचे आराखडे छापले जात. १९३० नंतरच्या दशकात डॉन बीच यांनी हॉलिवूडमध्ये आणि ‘ट्रेडर व्हिक’ यांनी ओकलंडमध्ये पॅसिफिक बेटांच्या धर्तीवर जी मद्यगृहे काढली त्यांचे अनुकरणही, विशेषतः त्या बेटांवरून युद्ध करून परतलेल्यांच्या घरांत, बांबू आणि चटया लावून होऊ लागले.

या बारमधील विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. टेबल घरच्या यजमानाने रंधून, घासून, पॉलिश करून उभे केलेले असे. शेजारी आणि मित्र फळ्या धरावयास व खिळे ठोकावयास आलेले असत. आणि त्या टेबलावर जे ठेवले जाई ते सर्व दुकानातून विकत आणलेले. बार बनविण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. बारमध्ये ओतावयाची बिअर बनविण्यास होती. आपल्या हाताने केलेल्या टेबलावर आपल्या हाताने केलेले पेय ठेवावे ही इच्छा पुढे अनेकांना झाली, तिचे एक बीज या विसंगतीत असावे.

घरगुती बिअरच्या पुनरुज्जीवनाला मित्रांची गरज का लागली, याचे उत्तर भावनेत शोधण्यापूर्वी तिच्या कृतीत शोधले पाहिजे. हौशी बिअरचे सर्वमान्य माप पाच गॅलनांचे, म्हणजे सुमारे १९ लिटरांचे असते. पाण्याच्या काचेच्या मोठ्या बरण्या त्या मापाच्या मिळत, हे त्याचे साधे कारण. या मापातून बारा औंसांच्या सुमारे ५३ बाटल्या निघतात. माल्टचा रस उकळून त्यात हॉप्स घालणे, तो लवकर थंड करणे, यीस्ट घालून आठवडा-दोन आठवडे आंबू देणे, ही कामे एकट्याने होतात. पण ५३ बाटल्या धुणे, निर्जंतुक करणे, नळीने भरणे आणि हाताच्या यंत्राने प्रत्येकीवर बूच दाबणे हे दोघातिघांचे काम आहे. पुढे बिअर पिण्याजोगी झाली की ती एकट्याने संपवावयाची म्हटले तर महिनाभर पुरते, आणि साधी बिअर ठेवून ठेवून सुधारत नाही. शिवाय करणाऱ्याची जीभ आपल्या दोषांना लवकर सरावते. रसाला जंतुसंसर्ग होऊन आलेला आंबटपणा, उन्हात ठेवल्याने येणारा दर्प, अर्धवट आंबल्यामुळे राहिलेला गोडवा, या गोष्टी दुसऱ्याने सांगितल्याशिवाय ध्यानात येत नाहीत. तात्पर्य, श्रम, उपभोग आणि परीक्षा या तिन्ही बाबतींत हा उद्योग एकट्याचा राहू शकत नाही. वाइन वर्षानुवर्षे तळघरात पडून राहू शकते; बिअरला वेळेवर माणसे लागतात.

१९७० च्या सुमारास पोर्टलंडचे फ्रेड एकहार्ट यांनी लागर बिअरविषयी एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात पावाचे यीस्ट आणि पोत्याने साखर या दारूबंदीकालीन पद्धतीवर झोड उठवून, माल्टचे प्रमाण, तापमान आणि योग्य यीस्ट यांचा पद्धतशीर विचार मांडला होता. १९७४ मध्ये बर्कली येथील बायरन बर्च यांचे पुस्तक आले. त्याच वर्षी लॉस एंजेलिसजवळील वुडलंड हिल्स येथे जॉन डॉम यांच्या घरगुती वाइनच्या सामानाच्या दुकानात मर्लिन एल्हार्ट यांच्या पुढाकाराने ‘माल्टोज फाल्कन्स’ हे मंडळ स्थापन झाले; अमेरिकेतील अशा मंडळांत ते सर्वांत जुने मानले जाते. मंडळ दुकानात जमे ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. वाइनचे सामान विकणे कायदेशीर होते. त्याच फडताळात माल्ट आणि हॉप्सही ठेवता येत. आणि गिऱ्हाईक ते घेऊन घरी काय करते हे विचारण्याचे दुकानदाराला कारण नव्हते. १९३३ च्या कायद्याने वाइनला जी सवलत दिली तिच्याच छायेत बिअर वाढली.

कोलोरॅडोतील बोल्डर या गावी चार्ली पपेझियन या तरुणाने याच सुमारास एका लोकशाळेत बिअर करण्याचे वर्ग सुरू केले. ते स्वतः व्हर्जिनिया विद्यापीठात अणुअभियांत्रिकीचे विद्यार्थी असताना, १९७० मध्ये, एका वृद्ध शेजाऱ्याकडून माल्टचा पाक व पावाचे यीस्ट यांची जुनी कृती शिकले होते. दारूबंदीची परंपरा अशा रीतीने अगदी अखेरच्या क्षणी एका पिढीकडून दुसरीकडे आली, आणि ती आली तीही शेजारधर्मातून. बोल्डरच्या वर्गातील विद्यार्थी पुढे एकमेकांच्या घरी जमू लागले. ७ डिसेंबर १९७८ रोजी, म्हणजे कार्टर यांच्या स्वाक्षरीनंतर आठ आठवड्यांच्या आत, पपेझियन आणि त्यांचे मित्र चार्ली मॅट्झन यांनी ‘अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशन’ ही संस्था स्थापून ‘झायमर्जी’ हे नियतकालिक काढले. कायदा आणि संस्था यांमधील हे थोडे अंतर पाहिले म्हणजे मित्रमंडळ आधीच तयार होते आणि त्याला केवळ नाव घेण्याची सोय झाली, हे स्पष्ट होते.

दरम्यान जॅक मॅकॉलिफ यांची हकीकत घडून गेली होती. अमेरिकन नौदलात असताना १९६० च्या दशकात त्यांचा मुक्काम स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर होता. तेथील बिअर आवडल्यामुळे त्यांनी ग्लासगो येथील बूट्सच्या दुकानातून घरगुती बिअरची सामग्री घेतली आणि प्रयोग सुरू केले. मॉडलिंग यांच्या १९६३ च्या अंदाजपत्रकाचा एक धागा असा एका परदेशी खलाशाच्या हाती आला. मायदेशी परतल्यावर १९७६ मध्ये सूझी स्टर्न आणि जेन झिमरमन यांच्या भागीदारीत त्यांनी कॅलिफोर्नियातील सोनोमा येथे ‘न्यू ॲल्बियन’ ही मद्यशाळा काढली. एवढ्या लहान मापाची यंत्रे कोणी बनवीत नसल्यामुळे दुग्धशाळेतील जुनी उपकरणे आणि शीतपेयाच्या पाकाची ५५ गॅलनांची पोलादी पिंपे जोडून त्यांनी आपली यंत्रसामग्री उभी केली. तांत्रिक माहितीसाठी डेव्हिस येथील विद्यापीठाचे ग्रंथालय जवळ होते. मद्यशाळा १९८२ मध्ये बंद पडली. व्यापाराच्या दृष्टीने तिचे माप फार लहान होते. पण चिको येथे १९७६ मध्ये घरगुती बिअरच्या सामानाचे दुकान काढणारे केन ग्रॉसमन ती पाहून गेले होते, आणि १९८० मध्ये त्यांनी पॉल कामुसी या मित्राबरोबर ‘सिएरा नेव्हाडा’च्या पहिल्या बिअरला हात घातला. त्यांचीही सुरुवात दुग्धशाळांच्या भंगारातूनच झाली.

१९७८ च्या कलमाची भाषा या संदर्भात पुन्हा पाहण्याजोगी आहे. जुन्या नियमात सवलत कुटुंबप्रमुखाला होती. एकटा राहणारा अविवाहित माणूस, किंवा एका घरात भाड्याने राहणारे तीन मित्र, त्या व्याख्येत बसत नसत. नव्या कलमाने कुटुंबप्रमुख हा शब्द गाळून प्रौढ व्यक्ती हा शब्द घेतला, आणि २०० गॅलनांच्या मर्यादेसाठी एका घरातील दोन प्रौढ पुरेसे मानले. त्यांचे परस्परांशी नाते काय हे विचारले नाही. पुढे नियमांत अशी बिअर घराबाहेर मेळाव्यांना, प्रदर्शनांना, चवीच्या परीक्षांना व स्पर्धांना नेण्याचीही मुभा आली. विक्री वगळता मैत्रीला आवश्यक असलेला सगळा व्यवहार अशा प्रकारे कायद्याच्या कक्षेत बसला. १९८२ मध्ये बोल्डर येथे ‘ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हल’ भरला. १९८५ मध्ये परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी यंत्रणा उभी राहिली. मित्राने मित्राला ‘ही आंबट झाली आहे’ असे सांगावयाचे, त्या जागी गुणपत्रिका आली. यात लाभ झाला तसे काही हरवलेही, असे जुने सभासद म्हणत असतील तर त्यांना दोष देता येणार नाही.

घरातील बारचे रूपही पालटले. शीतपेयांच्या कंपन्या पाक पोलादी पिंपांऐवजी पुठ्ठ्याच्या खोक्यातील पिशव्यांतून पुरवू लागल्या, तेव्हा पाच गॅलनांची हजारो पिंपे निरुपयोगी झाली. ती स्वस्तात घेऊन, जुन्या शीतकपाटाच्या दाराला भोक पाडून तोटी बसवावयाची आणि कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याने बिअर वर चढवावयाची, ही युक्ती हौशी मंडळांतून सर्वत्र पसरली. पिंपाचे माप आणि काचेच्या बरणीचे माप एकच निघाले हा निव्वळ योगायोग. पण त्यामुळे ५३ बाटल्या धुण्याचा त्रास वाचला, आणि तळघरातील प्लायवूडच्या टेबलावर अखेर घरचीच बिअर आली.

मराठी वाचकाला या ठिकाणी मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा आठवेल. परवान्यावाचून मद्य बनविणे, बाळगणे, विकत घेणे आणि पिणे ही सर्व कृत्ये त्याने निषिद्ध केली, आणि १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधी व प्रसाधनांसंबंधीच्या तरतुदींसारखे काही भाग वगळून तो मुख्यतः वैध ठरविला. त्या काळी मुंबईत ‘आंटी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रियांच्या राहत्या घरांत जे अड्डे चालत तेही एका अर्थी घरातले बारच होते. मात्र तेथे माल विकला जाई, आणि पोलिसांची धाड ही घरातील बाईवर पडे. अमेरिकेतील सुखवस्तू हौशी माणसाने कायद्याकडे जो काणाडोळा केला, तो करण्याची ऐपत या बायकांना नव्हती. बंदी सारखीच असली तरी ती कोणाला किती भोवते हे समाजातील स्थानावर अवलंबून राहते.

अमेरिकेतही १९७८ च्या कलमाने सगळीकडे एकदम मोकळीक मिळाली नाही. एकविसाव्या दुरुस्तीने मद्याचे नियंत्रण घटक राज्यांकडे सोपविले असल्यामुळे केंद्राने कर माफ केला तरी राज्याची बंदी कायम राहू शके. एकेका राज्यात हौशी मंडळांना विधिमंडळाचे उंबरठे झिजवावे लागले. मिसिसिपी आणि अलाबामा ही राज्ये अखेरची. तेथे परवानगी मिळाली ती २०१३ मध्ये, म्हणजे दारूबंदी संपल्यानंतर ऐंशी वर्षांनी. त्यानंतर सहा वर्षांनी, २०१९ मध्ये, वॉशिंग्टन येथील अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात बिअरच्या इतिहासाचे एक दालन मांडण्यात आले. त्यात पपेझियन बोल्डरच्या आपल्या घरी माल्टचा रस ढवळण्यासाठी वापरीत असत तो लांब दांड्याचा लाकडी चमचा ठेवलेला आहे.